तक्तेकाकांची हजेरी

तक्तेकाका कचरा वाचायचे. रस्त्यावरचा नाही, संगणकाच्या पडद्यावरचा. भोपाळहून टेलिफोनच्या तारेवरून एखादी यादी बिघडून आली, हिंदी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि टिंबं असला चिवडा पडद्यावर सांडला, की आम्ही कपाळाला हात लावायचो. काका मात्र चष्मा पुसायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि पडद्यावर बोट ठेवून तो चिवडा पेपर वाचावा तसा वाचायला लागायचे. 'ओ झेड एल' दिसलं की म्हणायचे, "राम." 'थ्री एल क्यू' दिसलं की म्हणायचे, "कमल." एकदाही अडखळले नाहीत. पण माझ्या अंगावर काटा यायचा तो त्यांच्या वाचण्याने नाही. प्रत्येक नाव मोठ्याने घेतलं की ते थांबायचे. मान किंचित तिरकी करून, कुणीतरी ओ देईल अशा बेताने, दोन-तीन श्वास वाट बघायचे. मग स्वतःशीच मान हलवायचे आणि पुढचं नाव घ्यायचे.

मी तेव्हा इंदूरच्या भंवरकुआंजवळच्या विद्यापीठातून संगणकाची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडले होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. राजेंद्र नगरहून टेम्पोने धक्के खात पोलोग्राउंडला यायचे. खाली लेथचा कारखाना, वर जाणारा लोखंडी जिना, आणि जिन्याच्या शेवटी आमचं ऑफिस. तीन संगणक, एक मॉडेम, एक फोन आणि एक मालक. मालकांना सगळं पोलोग्राउंड भिया म्हणायचं, म्हणून आम्हीही भिया म्हणायचो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तेव्हाही ठेवत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकून माझी आईसुद्धा म्हणाली होती की तुझी दृष्ट काढायला हवी.

तक्ते हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव ऑफिसात कुणी घेत नसे, तेव्हा मीही इथे घेत नाही. संगणकाच्या पोटात अक्षर नसतं, आकडा असतो. इंदूरच्या यंत्रात 'क'ला एक आकडा, भोपाळच्या सरकारी यंत्रात त्याच 'क'ला दुसरा. वर तारेच्या वाटेत प्रत्येक आकड्याचा एक तुकडा गळून पडायचा आणि धड हिंदी नाव चिवडा होऊन उतरायचं. इकडचा कोणता आकडा म्हणजे तिकडचा कोणता, याचा एक तक्ता करावा लागतो आणि त्याप्रमाणे अदलाबदल करायला यंत्राला शिकवावं लागतं. आज हे काम न सांगता होतं, कुणाला पत्ताही लागत नाही. तेव्हा ते काका करायचे. त्यांच्या मागच्या भिंतीवर चौकटीच्या कागदांचे ताव डकवलेले असत, आणि त्यांवर पेन्सिलीने अक्षरं आणि आकडे, बारीक, सरळ, एकही खाडाखोड नसलेले.

ज्या अक्षराला पलीकडच्या यंत्रात जोडीदारच नाही, त्याला काका बेवारस म्हणायचे. अशी अक्षरं ते तक्त्याच्या खाली वेगळी लिहून ठेवत. मी सुरुवातीला माझ्या हुशारीत सुचवलं की जिथे जोडीदार नसेल तिथे सरळ प्रश्नचिन्ह टाकू या, सगळीकडे तसंच करतात. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "प्रश्नचिन्ह नको लावू, बेटा," म्हणाले. "नावात प्रश्नचिन्ह आलं की माणूस होता का नव्हता, असा डाउट येतो. आणि एकदा सरकारला डाउट आला, की मग तो माणूस नसतोच." मी हसले. ते हसले नाहीत, आणि त्या दिवसापासून मी प्रश्नचिन्हाचं नाव काढलं नाही.

हे सगळं ते पन्नाशी उलटल्यावर शिकले होते. त्याआधी ते शहरातल्या एका मिलमध्ये हजेरीबाबू होते. फाटकाशी टाइम ऑफिस, तिथे एक खिडकी, खिडकीत काका. मिलने शेवटच्या दिवसांत एक संगणक घेतला, कामगारांची हजेरी त्याच्यावर चढवली, आणि वर्षा-दोन वर्षांत मिलच बंद पडली. इंदूरच्या मिली तेव्हा एकामागून एक बंद होत होत्या. पेपरच्या पहिल्या पानावर नवा खुला जमाना असायचा आणि आतल्या पानावर मिलच्या फाटकाबाहेर बसलेली माणसं. भिया पहिलं पान वाचायचे, काका आतलं. "मिलमध्ये माणूस आत जात नाही, नंबर आत जातो," काका मला तक्ता समजावताना म्हणाले होते. "अक्षराचं पण तसंच आहे. म्हणून मला हे लगेच समजलं. तू शिकलेली आहेस, तुला टाइम लागेल."

त्यांच्या शेवेबद्दल सांगितलं नाही तर इंदूरची माणसं मला माफ करणार नाहीत. काका कशावरही शेव घालायचे. पोह्यांवर तर सगळेच घालतात, पण हे वरणभातावर, तुपात बुडवलेल्या कणकेच्या बाफल्यांवर, केळ्यावर, एकदा तर भियांच्या मुलाच्या वाढदिवसाच्या केकवर. खिशात कागदाची पुडी असायचीच. मी नाक मुरडलं की म्हणायचे, "तू महाराष्ट्रात जा लग्न करून, तिथे लोक फिकं खातात." बाकी माणूस मोठा गोड होता. घरी कुणी नव्हतं, बायको लवकर गेलेली, मिलच्या स्टाफ क्वार्टरमध्ये एकटे राहायचे. मी घरी डबा विसरले तर न बोलता स्वतःच्या पोळ्या अर्ध्या करून ठेवायचे. मला ते फार आवडायचे, हे आता लिहायला काही हरकत नाही.

रोज सकाळी तार लागली की काका सगळ्यात आधी एक चाचणीचं नाव पाठवायचे. या धंद्यात चाचणीसाठी लोक काहीही टाकतात, एकच अक्षर दहा वेळा, नाहीतर स्वतःचं नाव. काका रोज एकच नाव टाकायचे: मदन वल्द भेरू. वल्द म्हणजे मुलगा, आमच्याकडच्या जुन्या कागदांत बापाचं नाव असंच लिहीत. नुसतं नाव, पुढे नंबर नाही, पत्ता नाही. ते भोपाळला जायचं, भोपाळचा ऑपरेटर ते परत धाडायचा, पडद्यावर 'एल डी एफ' उमटायचं, काका "मदन" म्हणायचे, थांबायचे, मान हलवायचे, मग ते पुसून दिवसाचं काम सुरू. मला वाटायचं ही त्यांची बोहनी आहे. दुकानदाराला नसते का एखादी सवय.

दुसरा नेम परतीचा. पाठवलेली प्रत्येक यादी ते भोपाळहून परत मागवायचे, दोन्ही छापायचे आणि ते दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. उजेडात अक्षरावर अक्षर बसलं पाहिजे. बसलं तर खाली सही, नाही तर पुन्हा. "गेलं ते आलं पाहिजे," एवढंच म्हणायचे. भिया चिडायचे, फोन जळतोय म्हणायचे. काका ऐकून घ्यायचे आणि पुन्हा काचेपाशी जायचे. एकेका यादीसाठी ते तासभर हात वर करून उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

मग त्यांच्याच मिलचं काम आमच्याकडे आलं. बंद मिलच्या कामगारांची शेवटची यादी भोपाळला पाठवायची होती. मिलच्या मागे कामगारांच्या खोल्यांची लाइन होती, आणि सरकारने ठरवलं होतं की ज्याचं नाव त्या यादीत, त्याची खोली त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या नावे होणार. ज्याचं नाव नाही, त्याने महिन्याभरात खोली सोडायची. म्हणजे आम्ही पाठवत होतो ती नुसती नावं नव्हती, लोकांची घरं होती. भियांनी हे काम मिळाल्यावर पेढे वाटले. काकांनी पेढा घेतला आणि तो टेबलावर तसाच पडून राहिला.

काही नावांत बेवारस अक्षरं होती आणि ती ताडून बघायला मिलचं जुनं हातचं रजिस्टर लागणार होतं. म्हणून एका दुपारी काका आणि मी मिलमध्ये गेलो. चौकीदाराने टाइम ऑफिसच्या कुलुपाचं सील फोडलं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत पाऊल टाकलं तर हवेत रुई. बारीक तंतू, संथ, खालीवर होणारे. मिल बंद होऊन सव्वा वर्ष झालं होतं, यंत्रं उचलून नेलेली होती, आणि तरी रुई उडत होती. आमच्या चालण्याने उडाली असेल असं मी मनात म्हटलं, पण आम्ही दोघंही दारातच उभे होतो.

समोरच्या भिंतीवर दोन मोठ्या फळ्या होत्या, एकीवर 'भीतर' लिहिलेलं, दुसरीवर 'बाहर'. फळ्यांवर खिळे आणि खिळ्यांवर पितळी बिल्ले, प्रत्येकावर नंबर. कामगार आला की आपला बिल्ला 'बाहर'वरून काढून 'भीतर'वर टांगायचा, सुटी झाली की उलट. मिलच्या शेवटच्या दिवशी सगळे बाहेर पडलेले, तेव्हा 'बाहर'ची फळी गच्च भरलेली होती. 'भीतर'ची रिकामी. म्हणजे जवळजवळ रिकामी. मधल्या ओळीत एक बिल्ला टांगलेला होता. बाकीच्यांवर धुळीचा थर, हा लख्ख. चारशे बारा. मी अगदी सहज म्हटलं, "काका, एक जण आतच राहिलाय की."

काकांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. ते म्हणाले, "तिकडे नको बघू. ते लाल रजिस्टर उचल." बाहेर आल्यावर त्यांनी चौकीदाराला विचारलं, "अंदर किसी ने हाथ लगाया था?" तो म्हणाला, "कौन लगाएगा बाबूजी? सील तो आपके सामने ही तोड़ी मैंने." दुसऱ्या दिवशी काका ताप आला म्हणून आले नाहीत. त्यांची रजा मी पहिल्यांदाच पाहत होते.

यादी पाठवली त्या सकाळी नेहमीप्रमाणे आधी मदन वल्द भेरू गेला, परत आला आणि माझ्या डोळ्यांदेखत पुसला गेला. मग खरी यादी. दोन तास लागले. दुपारी ती भोपाळहून परत आली, छापली, काका कागद घेऊन काचेपाशी गेले. मग मला हाक मारली. दोन्ही कागद काचेवर होते. पहिल्या पानावर अक्षरावर अक्षर बसत होतं, दुसऱ्यावर बसत होतं, सातव्या पानाच्या मध्यापर्यंत बसत होतं. तिथून पुढे सगळं एक ओळ खाली सरकलेलं. एक नाव जास्त होतं.

मदन वल्द भेरू. आणि नावापुढे नंबर: चारशे बारा.

मी लगेच म्हटलं की चाचणीचं नाव भोपाळच्या यंत्राच्या पोटात राहिलं असणार, रोज तेच पाठवतो ना आपण. काका म्हणाले, "आणि नंबर?" चाचणीच्या नावापुढे आम्ही नंबर कधीच टाकला नव्हता. मी भोपाळला फोन लावला. तिथला ऑपरेटर वैतागून म्हणाला, "मैडम, जो आया वही भेजा है. चार सौ ग्यारह के बाद चार सौ बारह. इसमें गलत क्या है?" काकांनी आमच्याकडची यादी पुन्हा तपासली. त्यात चारशे अकरानंतर चारशे तेरा होता. आम्ही ती पुन्हा पाठवली. या वेळी कळफलकावर मी होते, आणि काका हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभे होते. चारशे बारा परत आला. खाली लेथ चालू होता, रस्त्यावर हातगाडीवाला ओरडत होता, आणि मला थंडी वाजत होती.

"मदन कोण आहे, काका?" मी विचारलं.

त्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि सांगितलं. मदन रुईच्या गाठी फोडायच्या खात्यात होता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सकाळच्या पाळीत यंत्राने त्याला ओढलं आणि तो जागीच गेला. संरक्षक जाळी महिनाभर तुटलेली होती आणि सगळ्यांना माहीत होतं. तासाभरात वरचे साहेब टाइम ऑफिसात आले. म्हणाले, हा माणूस आज आत आलाच नव्हता. मदनला फाटकाबाहेर रस्त्यावर नेऊन ठेवण्यात आलं, कुठल्याशा ट्रकने उडवलं असं ठरलं. काकांनी करायचं ते एवढंच होतं, की 'भीतर'वरचा बिल्ला काढून 'बाहर'वर टांगायचा आणि रजिस्टरात त्या दिवसापुढे गैरहजर लिहायचं. "दोन मिनिटांचं काम होतं," काका म्हणाले. "मी केलं." पुढे आठवड्याने मदनचं नाव, मेला असं न लिहिता काम सोडून गेला म्हणून, रजिस्टरातून कमी झालं.

मदनची बायको केसरबाई महिनाभर रोज खिडकीशी यायची. एकच विचारायची: "बाबूजी, वी अंदर गया था के नी?" काका रोज सांगायचे, नाही आला. मग तिने यायचं सोडलं. मिलच्या पाळणाघरात तिला पोरं सांभाळायचं काम मिळालं, लाइनमधल्या खोलीतून तिला कुणी काढलं नाही. आता मात्र यादीत नाव नाही म्हणजे खोली नाही. "तीस वर्षांत मी एकच हजेरी खोटी लावली," काका म्हणाले. "म्हणून रोज सकाळी त्याची हजेरी लावतो. मशीनमध्ये का होईना. पण बेटा, नंबर मी कधी नाही टाकला. नंबर टाकायची माझी हिंमतच नव्हती."

मला त्यांचा राग आला. खूप आला. पोळी अर्धी करून देणारा माणूस एका बाईला महिनाभर रोज खिडकीतून तोंडावर खोटं सांगतो, हे मला पेलेना. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. समोरासमोर बसून, एकाच मॉडेमवर काम करत, एक शब्द नाही. चहा आला की त्यांचा कप त्यांच्याकडे सरकवायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. त्यांनीही समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. त्या दोन दिवसांत त्यांनी खिशातली शेवेची पुडी काढल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी भिया आले. भोपाळला सहीचा कागद हवा होता, गेलेली आणि आलेली यादी एकच आहे असा. सही काकांचीच चालणार होती. "काका, एक नाम से क्या फरक पड़ रिया है," भिया म्हणाले. "भोपाल वाले से बोल के कटवा दो और साइन मार दो." मी तोंड उघडलं आणि म्हटलं, की नाव राहू द्या ना, काका. तुम्ही फक्त सही करा. यादी जुळली म्हणा. कोण बघायला येतंय? बाईची खोली वाचेल. मला ते अगदी सरळ वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर माझी भीतीही त्यामुळे संपणार होती.

काका म्हणाले, "ती पण खोटीच सही. पहिल्यांदा आत असलेला बाहेर लिहिला, आता न पाठवलेला पाठवला लिहू? कुणीतरी एक दिवस काचेला लावून बघेल, आणि मग तिची खोली पुन्हा जाईल." मग त्यांनी माझ्याकडून दोन कोरे कागद मागून घेतले. पहिल्यावर लिहिलं की पाठवलेल्या यादीत चारशे बारा नव्हता, आलेल्या यादीत आहे, आणि तो कसा आला ते मला सांगता येत नाही. दुसऱ्यावर लिहिलं की तो असायलाच हवा होता, कारण त्या दिवशी मदन वल्द भेरू माझ्यासमोर आत गेला होता आणि त्याचा बिल्ला मी माझ्या हाताने बाहेर टांगला. तारीख, पाळी, साहेबाचा हुद्दा, सगळं. अक्षर तेच, बारीक, सरळ, खाडाखोड नाही. भिया म्हणाले, "काका, खुद का क्वार्टर जाएगा, मालूम है ना?" काका म्हणाले, "मालूम है."

तो कागद गेल्यावर काय झालं ते थोडक्यात सांगते. चौकशी झाली, त्या खात्यातले दोन म्हातारे कामगार पुढे आले आणि त्यांनीही मदनला आत पाहिल्याचं सांगितलं. साहेब केव्हाच वारले होते. खोट्या नोंदीची कबुली दिलेल्या माणसाला क्वार्टर देता येत नाही असं पत्र काकांना आलं, आणि ते देवासला भाचीकडे राहायला गेले. आमच्याकडची नोकरीही त्यांनीच सोडली. तीन-चार वर्षांनी तिकडेच वारले. मी त्यांना भेटायला एकदाच जाऊ शकले, आणि ते 'एकदाच' मला अजून टोचतं. आज मी जगभरच्या यंत्रांतून लिप्या इकडून तिकडे नेण्याचंच काम करते. हाताखालची मुलं जोडीदार नसलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून मोकळी होतात, आणि मी ते काढायला लावते. कारण विचारलं तर नीट सांगता येत नाही.

तो नंबर कसा आला, हेही मला आजवर सांगता आलेलं नाही. मी पुष्कळ डोकं लावलं आहे. काकांनीच कधीतरी टाकला असेल आणि विसरले असतील, असं मी लोकांना सांगते, आणि लोकांना ते पटतं. पण दुसऱ्यांदा पाठवताना कळफलकावर माझे हात होते.

काका देवासला जायच्या आदल्या दिवशी दुपारी ऑफिसात आवराआवर चालली होती. खालचा लेथ जेवणासाठी बंद झालेला. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. साठीची, मळखाऊ लुगडं, डोक्यावर पदर, हातात घडी केलेला सरकारी कागद. काका तिला पाहताच उठून उभे राहिले, तेव्हा मला कळलं ही केसरबाई. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"भोपाल से कागद आयो है," ती म्हणाली. "खोली म्हारा नाम पे हुई गई. इणमें लिख्यो है कि वी अंदर गया था."

"हाँ," काका म्हणाले.

"आपने लिख्यो?"

"मैंने लिखा."

"तब तो आप बोल्या था, नी आया."

"झूठ बोला था," काका म्हणाले.

मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मी मध्ये पडले नसते. पण तिने दुसराच प्रश्न विचारला. इतकी वर्षं तो विचारायची सोयच नव्हती, कारण जो माणूस आत आलाच नव्हता तो खिडकीशी काय बोलला हे कुणाला विचारणार?

"अंदर जाती बखत कंई बोल्या था?"

काकांना आठवावं लागलं नाही. ते लगेच बोलले, हळू, एकेक शब्द वेगळा करून. "बिल्ला टाँगते-टाँगते बोला था. बोला, बाबूजी, आज डिब्बा नी लायो. घर पे बाफला बनी रिया है, छुट्टी में सीधो खाने जऊँगा."

केसरबाईने हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली. मग आणखी एक.

"हाँ," ती म्हणाली. "बनाया था."